चार बोटं कापलेली नळी

दाजी, माणूस जातो, पण त्याचा नेम मागे राहतो.

हे वाक्य माझं नाही. शाळेच्या पटांगणात तुमची शोकसभा झाली, तिथे साखर कारखान्याच्या संचालकांनी ते म्हटलं आणि ते लोकांत नीट मुरावं म्हणून थोडा वेळ थांबले. त्या वेळात कर्ण्यातून शिट्टी वाजली. वाक्याचा अर्थ कोणाला कळला नाही, पण पुढच्या रांगेतल्या टोप्या हलल्या. मीही मान हलवली. तुमचा सख्खा मेव्हणा, व्यासपीठावर बसवलेला. मान हलवणं भाग होतं. खरी गोष्ट अशी, की शेवटच्या काही वर्षांत तुम्ही एकही गोळी झाडली नव्हती, आणि शेवटची जी झाडलीत ती लागली नव्हती. त्या न लागलेल्या गोळीनेच आपल्या दोघांना इतकी वर्षं बांधून ठेवलं, म्हणून तिच्याबद्दलच लिहायला बसलो आहे.

संचालक पुढे म्हणाले, की आप्पांच्या रायफलीची नळी दुर्दैवाने आखूड करावी लागली, त्यात तिचा नेम गेला, नाहीतर आज या शिवारात रानडुक्कर औषधाला उरलं नसतं. तेव्हा लोकांनी माझ्याकडे पाहिलं. नळी कापल्याने नेम जात नाही, असं चारचौघांत ठासून सांगणारा आणि पुढे चारचौघांतच ते मागे घेणारा माणूस गावाला माहीत आहे. गाव तुम्हाला आप्पा म्हणायचं, मी दाजी. मला गाव काय म्हणतं ते माझ्या बहिणीने, अक्काने, अजून सांगितलेलं नाही.

शोकसभा संपल्यावर फाट्यावर एस.टी.ची वाट पाहत उभा होतो. दौंडहून येताना या फाट्यावर उतरलो की तुम्ही सायकल धरून उभे असायचात. पिशवी हँडलला अडकवायचात, आणि सायकलवर न बसता आपण घरापर्यंत भांडत चालत जायचो. परवा उतरलो तेव्हा पिशवी कोणाकडे द्यायची ते क्षणभर समजेना.

रायफल तुमच्याकडे आली ती माझ्यामुळे. दौंडच्या रेल्वे कॉलनीत एक जुने अँग्लो-इंडियन ड्रायव्हर राहायचे. मी लोको शेडमध्ये कारकून, ते इंजिनावर. बिऱ्हाड मोडून ऑस्ट्रेलियाला निघाले तेव्हा पियानो, कुत्रा आणि रायफल त्यांना नेता येईना. पियानो चर्चला गेला, कुत्रा शेडच्या फोरमनकडे, आणि रायफल पीकसंरक्षणाच्या परवान्यावर तुमच्याकडे. घोड नदीच्या कालव्याचं पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला, उसामागून डुकरं आली. पाटबंधारे खात्याच्या पत्रकात यातलं शेवटचं नसतं. रायफल हातात घेताना तुमचा चेहरा जसा झाला तसा लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही झाला नव्हता, असं अक्का म्हणते. तिला वाईट वाटलं नव्हतं. ती फक्त नोंद घेते.

तुमचा हात चांगला होता. हे मी शोकसभेच्या बाहेर सांगतो आहे, तेव्हा खरं धरायला हरकत नाही.

खंडेनवमीला अक्का विळे, कोयते, फाळ आणि रायफल एका ओळीत मांडायची. गंध, हळदकुंकू, कापसाचं वस्त्र, झेंडू. दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघनाला वेशीबाहेर आकाशात एक बार काढायचा मान तुमच्याकडे आला होता. तो कोणी दिला हे कोणालाच आठवत नव्हतं. असले मान पावसाळ्यात गवत उगवावं तसे उगवतात आणि मग उपटता येत नाहीत. त्या वर्षी पोलीस पाटलांनी शोभा वाढवायची म्हणून झेंडूचं टपोरं फूल देठासकट नळीच्या तोंडात खोचलं, आणि ते ढिलं बसतंय म्हणून कुंकवाने ओलं झालेलं कापसाचं वस्त्र भोवती ठासलं. वेशीवर सगळा गाव जमला, वाजंत्री थांबली. तुम्ही फूल ओढलंत, ते हातात आलं, तुम्ही टोपीत खोचलंत. देठ आणि कापूस आतच राहिला. तुम्ही बार काढलात.

आवाज वेगळाच आला. पाहिलं तर नळीचं तोंड फुगून फाटलं होतं, कच्चं गाडगं चाकावरच बिघडावं तसं. कोणाला खरचटलंही नाही. हा शकुन शुभ की अशुभ, हे सांगायला ग्रामजोशांनी दुसऱ्या दिवसापर्यंत मुदत मागितली.

पुण्यात लष्कर भागात बंदुका दुरुस्त करणारा एक परवानाधारक होता. आपण कोणकोणत्या संस्थानिकांच्या मर्जीतले होतो, हे त्याने पाटीवर इतकं लिहिलं होतं की दुकानाचं नाव कोपऱ्यात गेलं होतं. त्याने फुटलेला भाग कापला. चार बोटं नळी गेली. कापलेलं तोंड त्याने घासून नीट केलं आणि माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा तो नेमाचा कोंब, नव्याने बसवली. कापायचं काम चांगलं झालं होतं. माशी मात्र तांदळाच्या दाण्याइतकी ठेंगणी बसली. माशी ठेंगणी असली की ती डोळ्याजवळच्या मागच्या खाचेशी जुळवताना नळीचं तोंड नकळत वर उचललं जातं, आणि गोळी नेमाच्या वरून जाते. हे त्या वेळी संस्थानिकांच्या मर्जीतल्या माणसालाही कळलं नाही आणि आपल्यालाही नाही.

आपला वाद त्याच आठवड्यात सुरू झाला. पडवीत तुम्ही रायफल मांडीवर घेऊन बसला होतात, नळीच्या नव्या तोंडावरून अंगठा फिरवत.

"गेला नेम," तुम्ही म्हणालात.

"नळी कापल्याने नेम जात नाही, दाजी."

"पाव्हणं, अक्काची फुंकणी आखूड केली तर फुंकर फाकती का न्हाई?"

"फुंकणीच्या आत पेच नसतात. गोळी पेचांमुळे गरगरत सरळ जाते."

"पेच तुमच्या बोलन्यात हायती. नळीत असत्याल का न्हाई देव जाणे."

पुढच्या खेपेला मी पुण्याच्या वाचनालयातून एक इंग्रजी पुस्तक आणलं आणि तुम्हाला त्यातला मजकूर सांगितला. नळी कापली की गोळीचा वेग थोडा घटतो, आवाज आणि जाळ वाढतो, पण गोळी भरकटत नाही. नळीचं तोंड सरळ कापलेलं आणि गुळगुळीत असलं की झालं. उलट आखूड नळी कमी थरथरते. तोटा एवढाच, की मागची खाच आणि पुढची माशी जवळ आल्याने डोळ्याची बारीक चूक लांबवर मोठी होऊन उमटते.

"म्हंजी चूक डोळ्याची," तुम्ही म्हणालात.

"डोळ्याची."

"पुस्तक लिव्हनारानं रानडुक्कर बघितलं व्हतं का?"

"तसं लिहिलेलं नाही."

"मग."

तुमचं ते "मग" मला फार लागायचं. त्याला उत्तर देता यायचं नाही, कारण त्यात काही म्हटलेलंच नसायचं. आता दौंडच्या खोलीत एकटा असताना कधी मी ते मोठ्याने म्हणून पाहतो. माझ्या तोंडी ते नुसताच प्रश्न होतं.

तोवर सगळं हसण्यावारी होतं. त्यानंतर हिवाळ्यातली ती संध्याकाळ आली. ती मला पुष्कळ उशिरा कळली, पण जिथे घडली तिथेच सांगतो.

हेच संचालक त्या दिवशी तुमच्याकडे जेवायला यायचे होते. डुकराचं मटण खायची इच्छा त्यांनी बोलून दाखवली होती, आणि गावाने तुमच्या वतीने हो म्हणून टाकलं होतं. दिवस मावळायला तुम्ही रायफल घेऊन उसाच्या पूर्वेकडच्या बांधाशी बसलात. उसाच्या कडेला काळं काहीतरी वाकून हलत होतं. तुम्ही नेम धरलात, चाप ओढलात.

"बार झाला आन् डुक्कर दोन पायांवर उभं राह्यलं," तुम्ही मला सांगितलंत.

ती हौसाबाई होती. हे तिचं खरं नाव नाही, आणि गावाचं नावही मी लिहिलेलं नाही. काळं घोंगडं पांघरून ती म्हशीसाठी उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याची हिरवी पात, काढत होती. हातातला भारा टाकून ती उसात पळाली. तुम्ही बांधावरच बसून राहिलात. मग तिच्या घरावरून गेलात. ती चुलीपुढे भाकरी थापत होती. घरी येऊन तुम्ही रायफल खुंटीला लावलीत आणि म्हणालात, नळी कापली, नेम गेला, आता ही बंदूक कामाची नाही. संचालकांना कोंबडी वाढली गेली. त्यांनी ती मोठ्या मनाने खाल्ली.

त्यानंतर तेच वाक्य तुम्ही प्रत्येकाला सांगत राहिलात. लोक येऊन म्हणायचे, "आप्पा, डुकरं लई माजल्यात, चला की." तुम्ही म्हणायचात, "नळी कापल्याली हाय." रायफल खाली ठेवायची तर गावाला कारण द्यावं लागणार होतं, आणि खरं कारण देता येत नव्हतं. ते दिलं असतं तर हौसाबाई त्या शिवारात पुन्हा वाकून काम करू शकली नसती. तुम्ही तर कुठेच ताठ उभे राहू शकला नसतात. नळीचं कारण बिनबोभाट होतं. लोखंडाचा दोष, कोणाचा राग नाही.

आणि त्या कारणावर तुटून पडायला मी दौंडहून पाडव्याला आलो.

मला काहीच माहीत नव्हतं. मला दिसत होतं ते एवढंच, की माझा शहाणा मेव्हणा एका भाकड समजुतीचा प्रचारक झाला आहे. ती समजूत इतकी पसरली होती, की शेजारच्या वाडीतल्या एकाने औषध फवारायच्या पंपाची नळी कापायला नकार दिला होता. मी होमगार्डात बंदूक हाताळलेली. गावासमोर मी वाळूचं पोतं बैलगाडीच्या जुवावर ठेवलं, त्यावर रायफल टेकवली, आणि माळावरच्या पांढऱ्या मातीच्या उंचवट्यावर एक पत्रा लावून त्याच्या मधोमध कोळशाने टिकली काढली. तुम्ही म्हणत होतात, "पाव्हणं, ऱ्हाऊ द्या." मला वाटलं, हरायची भीती. मी गोळ्या झाडल्या. एकही टिकलीला लागली नाही. पण सगळ्या टिकलीच्या वर, वीतभर अंतरावर, मुठीत मावतील एवढ्या जागेत एकाशेजारी एक बसल्या होत्या.

"बघा," मी म्हणालो. माझ्या आवाजात तेव्हा थोडा संचालक होता. "नळी फाकत असती तर गोळ्या पत्राभर पसरल्या असत्या. नळी चोख आहे. माशी ठेंगणी आहे, म्हणून सगळ्या वर जातात. माशी बदला, टिकली फुटेल."

"म्हंजी नुसती माशी बदलायची?" पोलीस पाटील म्हणाले. "आप्पा, उद्याच पुन्याला जावा की. तवर मी पोरांना डुकरं उठवायच्या हाक्याला सांगून ठिवतो."

सगळे खूश झाले. तुम्ही पुढे आलात आणि रायफल माझ्या हातातून काढून घेतलीत, पाहुण्याच्या कडेवरून रडकं मूल काढून घ्यावं तशी.

दुपारी मला विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत नेलंत. मोटार चालू होती. बाहेर काही ऐकू जाऊ नये म्हणून मुद्दाम चालू केली होतीत, हे मला नंतर लक्षात आलं. तिथे तुम्ही हौसाबाईचं सांगितलंत.

मी म्हणालो, "संध्याकाळची वेळ. डोळे तपासून घेऊ. पुण्यात चांगले डॉक्टर आहेत."

"डोळं चांगलं हायती," तुम्ही म्हणालात. "मी बघितलंच न्हाई, पाव्हणं. डुक्कर पायजे व्हतं, म्हनून डुक्कर दिसलं."

इतकं नितळ वाक्य मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. वाचलं असतं तरी खाली रेघ मारून पुढे गेलो असतो. त्या खोलीत पुढे जायला जागा नव्हती.

थोड्या वेळाने तुम्ही विचारलंत, "माशी बरुबर असती तर?"

मी पत्रा पाहिला होता. खोटं सांगता येणार नव्हतं. "तर लागली असती," मी म्हणालो.

तुम्ही पाण्याच्या पाइपवर हात ठेवलात. मग म्हणालात, "ती माशी तशीच ऱ्हाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर मी गावाला सांगितलं, की रात्री पुन्हा पुस्तक पाहिलं, माझी समजूत चुकली होती. नळी कापली की नेम जातो, आणि गेलेला नेम माशी बदलून परत येत नाही. पुस्तकात तसं एक अक्षर नव्हतं. सगळं आयुष्य मी लोकांच्या भाकड गोष्टी खोडण्यात घालवलं, आणि मी स्वतः पसरवलेली ही एकच तेवढी टिकली. तुम्ही पाराच्या दुसऱ्या टोकाला तंबाखू मळत बसला होतात. माझ्याकडे पाहिलंत, आणि म्हणालात, "पाव्हण्यांनी कबूल केलं, म्हंजी खरंच आसंल." लोक हसले. तुमचा अंगठा तळहातावर थांबला होता, तो परत फिरू लागला.

माझा तुमच्यावर रुसायचा हक्क त्या दिवशी संपला. आणि एक सांगायचं राहिलं: हरल्याचं मला काही वाटलं नाही. तुम्हाला ते वाटत असावं, कारण त्यानंतर फाट्यावर तुम्ही माझी पिशवी थोडी जास्तच सांभाळून घ्यायचात.

दर हंगामात तुम्ही हौसाबाईच्या दारात वाढ्याची गाडी पाठवत राहिलात. सोबत निरोप नसायचा. तिने कधी विचारलं नाही. रस्त्यात समोर आली की तुम्ही बाजूला व्हायचात, आणि ती पदर सावरून दुसरीकडे बघायची. तुम्हाला वाटायचं, तिला सगळं कळलंय आणि तिने माफ केलेलं नाही.

पुण्याच्या इस्पितळात आपण शेवटचे भेटलो तेव्हाही विषय तोच. दम लागत होता तरी तुम्ही उशीवर सरकून बसलात. नर्सने बोलायचं नाही म्हणून बजावलं होतं. तुम्ही ते वाक्य माझ्यासाठी होतं असं धरून चाललात.

"नळी कापली म्हनून ती वाचली," तुम्ही म्हणालात.

"नळी कापली म्हणून नाही. माशी ठेंगणी बसवली म्हणून."

"नळी कापली नसती तर माशी कशाला बसवली असती?"

मी म्हणालो, असं मागे मागे गेलो तर श्रेय पोलीस पाटलांच्या झेंडूला द्यावं लागेल.

"द्या की," तुम्ही म्हणालात. "त्येंना कुटं सांगायचंय." आणि हसलात, मग खोकलात, मग नर्स आली आणि मला बाहेर काढलं. पुढचा मुद्दा मी जिन्यात तयार केला होता. अजून तो माझ्याकडेच आहे.

दहाव्याच्या दुपारी हौसाबाई घरी आली. आत अक्काजवळ बसून रडली आणि जाताना पडवीत माझ्यापुढे थांबली.

"मामा," ती म्हणाली, "आप्पांनी एकडाव माज्यावर बार काढला व्हता. तुमास्नी ठावं न्हाई."

मी पाट पुढे सरकवला, ती उभीच राहिली.

"म्या न इचारता वाढं काढत व्हते. चोरीच म्हना. सांज झाल्याली. आप्पांनी बरुबर डोक्याच्या वर, ह्येवढ्यावर गोळी घातली." तिने डोक्यावर वीत धरून दाखवली. "मानूस भ्यालं पायजे, मेलं न्हाई पायजे. आसला नेम. गाव म्हनतं नळी कापली, नेम गेला. मला इचारा म्हनावं."

"मग त्यांना कधी बोलली नाहीस ते?"

"कोंच्या तोंडानं? चोरी माजी. त्येंनी गावात नाव काडलं न्हाई, वर वाढ्याची गाडी धाडत व्हते. म्या त्येंच्याकडं बघतबी नव्हते, लाजंनं." मग म्हणाली, "आसा नेमाचा मानूस ह्या शिवारात व्हनार न्हाई. व्हय का न्हाई?"

मी "व्हय" म्हणालो. ती गेली.

दाजी, त्या रस्त्यावर तुम्ही दोघं इतकी वर्षं एकमेकांना वाट देत होतात, तुम्ही एका कारणाने आणि ती दुसऱ्या. हे तिने तुमच्या हयातीत बोलायला हवं होतं, असं मला त्या दुपारी फार वाटलं. आता तितकंसं वाटत नाही. ऐकून तुम्ही सुटला असतात का? मला वाटतं, तुम्ही सरळ तिच्या दारात जाऊन खरं सांगितलं असतंत. न केलेल्या उपकाराचं श्रेय तुम्हाला सोसलं नसतं. मग तुमच्या नेमावर विश्वास असलेलं अख्ख्या गावातलं ते एकच माणूस, तेही गेलं असतं. मी तिला सांगितलं नाही. मोटार चालू ठेवून जे सांगितलंत, ते पडवीत तिच्यापुढे फोडणं जमलं नाही. इथे लिहितो आहे, कारण तुमच्याशी बोलायला दुसरी जागा उरलेली नाही.

परवानाधारक वारला की हत्यार ठाण्यात जमा करावं लागतं. भावकीचं म्हणणं पडलं, की परवाना पाव्हण्यांनी आपल्या नावावर करून घ्यावा, डुकरांपासून ऊस राखायला कोणीतरी हवं. मी म्हटलं, नेम गेलेली रायफल घेऊन काय करू. ते त्यांना पटलं. शिरूरच्या ठाण्यात हवालदारांनी ती घेतली, नळीत डोकावले, म्हणाले, "आखूड वाटती." मी हो म्हणालो आणि बाहेर आलो. बाहेर ऊन होतं. हात मोकळे होते आणि त्यांचं काय करावं ते सुचत नव्हतं.

उसाचं काय, हा प्रश्न अक्काने आधीच सोडवला होता. दहाव्याला घाटावर तुमच्या भावकीतल्या झाडून सगळ्या पुरुषांनी डोकी भादरली. जाण्याआधीच तिने न्हाव्याला बजावलं होतं, की केस नदीत सोडू नका, पोत्यात भरून आणा. मानसाच्या केसाचा वास डुकरास्नी सोसत न्हाई, म्हणाली. न्हाव्याने पोतं आणून दिलं. तिने ते केस पूर्वेकडच्या बांधाने पसरले. भावकी मोठी आहे, केस शेवटपर्यंत पुरले. त्यानंतर उसात डुक्कर आलेलं नाही.